खाल्लेले लोह अंगी कसे लागते: कमी हिमोग्लोबिन, आयुर्वेद आणि आपले स्वयंपाकघर

माझ्या मावशीचे हिमोग्लोबिन ८.४ निघाले (स्त्रीला ते किमान १२ हवे), तेव्हा घरात सर्वांत आधी आले ते बीट. त्यापाठोपाठ डाळिंबे आली, मग खजूर आला, आणि शेजारच्या काकूंनी गव्हांकुराच्या रसाची कृती वहीच्या पानावर लिहून दिली. मावशीने तीन महिने रोज सकाळी पेलाभर लालभडक रस नेमाने घेतला. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तेव्हा आकडा ८.६ होता. तिने पथ्य मनापासून पाळले होते, एक दिवस चुकवला नव्हता, आणि म्हणूनच तिची निराशा पाहवत नव्हती. तिला कोणी फसवले नव्हते. रक्त लाल, म्हणून लाल पदार्थांनी रक्त वाढते, हा आपल्याकडचा जुना आणि भाबडा समज तेवढा आड आला होता.

१०० ग्रॅम बिटामध्ये लोह असते जेमतेम पाऊण मिलिग्रॅम. डाळिंबाच्या दाण्यांत तर त्याच्याही निम्म्याहून कमी. याउलट तेवढ्याच वजनाच्या, राखाडी रंगाच्या बाजरीच्या पिठात सहा मिलिग्रॅमहून थोडे जास्त लोह असते आणि कुळथात आठच्या पुढे. बिटाचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा असतो. त्याचा लोहाशी संबंध नाही. गव्हांकुराच्या रसाला 'हिरवे रक्त' म्हणतात, कारण हरितद्रव्याच्या रेणूची ठेवण आपल्या रक्तातील 'हीम' या घटकासारखी असते. पण हरितद्रव्याच्या मध्यभागी लोहाऐवजी मॅग्नेशियम बसलेले असते आणि शरीर त्याचे रक्तात रूपांतर करत नाही. हे पदार्थ वाईट मुळीच नाहीत, अवश्य खावेत, परंतु ८.४ चे १२ करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकणे योग्य नाही.

मग ती जबाबदारी कोणावर टाकायची, हे ठरवण्यासाठी शरीरात लोहाचा व्यवहार कसा चालतो ते पाहावे लागते. हिमोग्लोबिन हे लाल पेशींमधील प्रथिन आहे. त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि फुफ्फुसातून आलेला प्राणवायू त्या लोहाला धरून शरीरभर पोहोचतो. प्रौढ माणसाच्या अंगात एकूण लोह असते अवघे तीन ते चार ग्रॅम, म्हणजे एका लहानशा खिळ्याइतके, आणि त्यातील सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्येच गुंतलेले असते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की शरीर तिच्यातील लोह काढून घेते आणि नव्या पेशीसाठी वापरते. नवे रक्त घडवायला दररोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह लागते, ते जवळजवळ सगळे या जुन्या मोडीतून मिळते. अन्नातून रोज आत येते ते फक्त एक ते दोन मिलिग्रॅम, आणि त्वचेच्या व आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर साधारण तेवढेच बाहेर जाते. काटकसरीने चालवलेल्या घरासारखा हा संसार आहे: उत्पन्न थोडे, खर्च थोडा, आणि शिल्लक 'फेरिटिन' या नावाने यकृतात व इतरत्र ठेवलेली. यात कुठे गळती लागली की आधी शिल्लक संपते आणि नंतर हिमोग्लोबिन घसरू लागते. म्हणून हिमोग्लोबिन कमी झालेले दिसते, तेव्हा लोहाची पेटी बहुधा बऱ्याच आधी रिकामी झालेली असते.

'खाल्लेले अंगी लागत नाही' असे आपण सहज म्हणतो. लोहाच्या बाबतीत हे वाक्य अक्षरशः खरे आहे, आणि आयुर्वेदाने रक्ताचा विचार नेमका याच बाजूने केला आहे, असे मला वाटते. आहारातून रसधातू तयार होतो, आणि यकृत-प्लीहेच्या ठिकाणी रंजक पित्ताने त्याला रंग चढून त्याचा रक्तधातू होतो, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. म्हणजे रक्त कमी असण्याची कारणे तीन ठिकाणी शोधावी लागतात: आहारच अपुरा आहे का, अग्नी मंद असल्याने आहाराचा रस नीट होत नाही का, की झालेल्या रसाचे रक्त होण्यात अडथळा आहे. आजच्या भाषेतही जवळपास हेच तीन प्रश्न आहेत: लोह खाल्ले किती, शोषले गेले किती आणि रक्तपेशी जिथे घडतात त्या अस्थिमज्जेपर्यंत पोहोचून वापरले गेले किती. यकृताचा उल्लेखही लक्षणीय आहे, कारण लोहाचे शोषण किती व्हावे हे ठरवणारे 'हेप्सिडिन' हे संप्रेरक यकृतातच तयार होते आणि ते शास्त्रज्ञांना सापडले विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. प्राचीन आचार्यांना हेप्सिडिन ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. त्यांचे निरीक्षण स्वतःच्या बळावर पुरेसे मोठे आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे. पांडू म्हणजे फिकट. वात, पित्त, कफ आणि तिन्ही दोष एकत्र, असे चार प्रकार सांगून चरकाने पाचवा प्रकार दिला आहे तो माती खाण्यामुळे होणाऱ्या पांडूचा. ती माती पोटात न पचताच स्रोतसे, म्हणजे शरीरातील वहनमार्ग, भरून टाकते आणि अडवते, अशा रुग्णाच्या कोठ्यात कृमी होतात आणि रक्तमिश्रित मळ पडतो, असे तेथे वर्णन आहे. आजचे वैद्यकशास्त्र याला दोन्ही बाजूंनी दुजोरा देते. काही प्रकारची चिकणमाती आतड्यात लोहाला बांधून ठेवते आणि मातीतून जंतांचा प्रादुर्भाव होतो, हे एक; आणि लोह कमी झाले की माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, बर्फ किंवा कच्चे तांदूळ खाण्याची अनावर इच्छा होते, हे दुसरे. माझी मावशी तांदूळ निवडायला बसली की मूठभर कच्चे तांदूळ चावून खात असे. 'लग्नात पाऊस पडेल' म्हणून आजी तिला लहानपणी रागवायची आणि पन्नाशीतही घरचे तिची थट्टा करायचे. ते लक्षण आहे, हे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. घरात एखादी मुलगी पेन्सिल खाताना, गरोदर सून भिंतीचे पोपडे किंवा भाजकी माती खाताना दिसली, तर तिला ओरडण्याआधी तिचे रक्त तपासून घ्यावे.

चरकाने पांडूवर औषध म्हणून काय दिले, हे पाहिले की बिटाचा प्रश्न निकालात निघतो. त्याने सरळ लोखंड दिले. 'नवायस' या कल्पात, म्हणजे औषधाच्या कृतीत, सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, वावडिंग आणि चित्रक या नऊ औषधींचे नऊ भाग आणि त्यांच्या जोडीला तेवढेच, म्हणजे नऊ भाग, लोहचूर्ण असते. याच अध्यायातील दुसरे प्रसिद्ध औषध म्हणजे पुनर्नवा मंडूर. मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना मळ (कीट), आणि तो जितका जुना तितका चांगला, शंभर वर्षांचा असल्यास उत्तम, असे पुढील रसग्रंथांत, म्हणजे धातू-खनिजांच्या औषधांवरील ग्रंथांत, सांगितले आहे. नवायसाची घडण मला फार विचारपूर्वक वाटते. त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी) आणि चित्रक भूक व पचन सुधारण्यासाठी, वावडिंग जंतांसाठी, आवळा आंबट रसासाठी, आणि या सगळ्यांच्या सोबतीने लोह. नुसते लोखंड पोटात ढकलून भागत नाही, ते अंगी लागण्याची व्यवस्थाही त्याबरोबरच करावी लागते, ही समज त्या एका कृतीत सामावली आहे. डाळिंबालाही येथे स्थान आहे, कारण याच अध्यायात दाडिमादी घृत सांगितले आहे. मात्र तेथे डाळिंब येते ते अग्नी वाढवणाऱ्या द्रव्यांच्या संगतीत, लाल रंगाची भर घालण्यासाठी नव्हे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. रसशास्त्रात 'कासीस' म्हणून जे द्रव्य येते, त्याला मराठीत हिराकस म्हणतात. हिराकस म्हणजे रसायनशास्त्रातील फेरस सल्फेट. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या स्वस्त गोळीतही तेच क्षारद्रव्य असते. 'आयुर्वेदिक घेऊ की गोळ्या घेऊ' असा वाद घराघरात चालतो, तेव्हा हे ध्यानात ठेवावे की दोन्ही परंपरा अखेर लोहापाशीच येऊन थांबल्या आहेत.

आता आपल्या ताटाकडे येऊ. अन्नातील लोह दोन प्रकारचे असते. मांस, कलेजी आणि मासे यांतील काही लोह हीमच्या रूपात असते आणि त्यातील १५ ते ३५ टक्के शोषले जाते. धान्ये, डाळी आणि भाज्यांतील लोहाचे शोषण बरेच कमी होते. आपल्या आहारशास्त्रज्ञांनी भारतीय जेवणासाठी ते सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास धरले आहे. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. स्त्रीने २९ खावे, तेव्हा तिच्या रक्तापर्यंत दोन-सव्वादोन पोहोचणार, असा तो हिशेब आहे. चरकानेही पांडुरोग्याला जुना तांदूळ, जव, गहू यांच्याबरोबर मूग, तूर आणि मसुरीचे कढण आणि जांगल, म्हणजे कोरड्या प्रदेशातील, प्राण्यांच्या मांसाचा रस सांगितला आहे. जे मांसाहार करतात त्यांनी आजारपणात तो सोडून फळांच्या रसावर राहणे हे त्यामुळे दोन्ही शास्त्रांच्या विरुद्ध आहे.

शाकाहारी ताटात खरी मेहनत आहे ती शोषणाची. धान्याच्या आणि डाळीच्या सालात फायटेट नावाचे द्रव्य असते, ते लोहाला घट्ट धरून ठेवते. कडधान्य भिजवून मोड आणले, पीठ आंबवले की फायटेट मोडते आणि लोह मोकळे होते. मटकीला मोड आणणारी, नाचणीची किंवा ज्वारीची आंबील करणारी आपली आजी रसायनशास्त्र शिकली नव्हती, पण तिच्या हातून ते रोज घडत होते. दुसरा मदतनीस म्हणजे क जीवनसत्त्व. लिंबू, आवळा, पेरू, कोथिंबीर, कच्चा टोमॅटो यांपैकी काहीही जेवणातच असेल, तर त्याच जेवणातील लोहाचे शोषण दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. येथे 'त्याच जेवणात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. सकाळी अनशापोटी आवळ्याचा रस घेऊन दुपारी भाकरी खाल्ली, तर त्या आवळ्याचा त्या भाकरीला उपयोग होत नाही. भाकरीच्या ताटातच आवळ्याची चटणी किंवा लिंबाची फोड हवी.

आणि चहा. चहातील टॅनिन लोहाशी जोडले जाते आणि जेवणासोबत घेतलेला एक कप शोषण निम्म्याहूनही खाली आणू शकतो. आपल्या सकाळच्या न्याहारीचेच उदाहरण घ्या. पोहे हा लोहाच्या दृष्टीने चांगला पदार्थ आहे, साध्या तांदळापेक्षा पोह्यांत कितीतरी जास्त लोह असते; त्यावर शेंगदाणे असतात, कोथिंबीर असते, आणि वरून पिळलेले लिंबू तर अगदी शास्त्राला धरून. इथपर्यंत सारे उत्तम. पण पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत चहाचा कप हातात येतो, आणि लिंबाने कमावलेले चहा घालवून बसतो. चहा-पोळीवर ज्यांची सकाळ होते, त्यांच्या बाबतीत तर लिंबाचाही आधार नाही. चहा सोडा असे मी म्हणणार नाही, कोणी ऐकणारही नाही. तो जेवणाच्या आणि न्याहारीच्या किमान एक तास आधी किंवा एक-दीड तास नंतर घ्यावा, एवढेच. कॉफीचेही तसेच. दुधातील कॅल्शियमही शोषण काहीसे कमी करते, म्हणून अळिवाची खीर आणि अळिवाचे लाडू यांत निवड करायची झाली, तर ओले खोबरे व गूळ घालून केलेला लाडू बरा. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवतात तेव्हा थोडे लिंबू पिळावे. अळीव बाळंतिणीला देण्याची आपली पद्धत आहे, गरोदरपणात मात्र ते टाळण्याची रूढी आहे आणि ती पाळावी.

पदार्थांपैकी मी सर्वांत आधी बाजरीचे नाव घेईन. रोजच्या दोन भाकऱ्यांतून सहा-सात मिलिग्रॅम लोह सहज मिळते, आणि बाजरी महाराष्ट्राची आहे. 'धनशक्ती' नावाचे जास्त लोह असलेले बाजरीचे वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रातच प्रथम शेतकऱ्यांकडे आले. लोह वाढवलेल्या अशा बाजरीची भाकरी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील निवासी शाळांमधील किशोरवयीन मुलांना रोज देऊन अभ्यास केला गेला, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, काही महिन्यांत मुलांच्या लोहाच्या साठ्यात सुधारणा झाल्याचे दिसले. औषध नाही, गोळी नाही, नुसती भाकरी. बाजरीच्या जोडीला कुळथाचे पिठले, मोडाची मटकी, मसुरीची आमटी, लाल माठ, शेवग्याचा पाला आणि काळे तीळ हे माझ्या दृष्टीने बिटाच्या कितीतरी आधी येतात. पालकाची ख्याती त्याच्या कर्तृत्वापेक्षा मोठी आहे. त्यात लोह सुमारे तीन मिलिग्रॅम असते आणि शोषण फारच कमी होते. गुळाबद्दलही थोडे सांगायला हवे. १०० ग्रॅम गुळात चार-साडेचार मिलिग्रॅम लोह असते हे खरे, पण आपण खडा खातो तो दहा ग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. गूळ-शेंगदाणे हा खाऊ म्हणून फार चांगला आहे, उपचार म्हणून पुरेसा नाही, आणि मधुमेह असलेल्याने रक्त वाढवण्यासाठी गूळ वाढवणे तर सर्वथा टाळावे.

लोखंडाच्या कढईविषयी मी जरा आग्रही आहे. आमच्या घरी आमसूल घातलेली आमटी लोखंडी कढईत केली की ती काळपट होते. पूर्वी मला तो रंग आवडत नसे. तो रंग म्हणजे कढईतून आमटीत उतरलेले लोह आहे, हे कळल्यापासून मला तीच आमटी बरी वाटू लागली. टोमॅटो, चिंच, आमसूल असे आंबट पदार्थ जितका जास्त वेळ लोखंडात शिजतात, तितके लोह अधिक उतरते. इथिओपियातील मुलांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लोखंडी भांड्यात शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातील अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षा जास्त वाढलेले आढळले. आवरण चढवलेल्या, न चिकटणाऱ्या तव्यातून असे काही उतरत नाही. कढई घासून लगेच कोरडी करावी, तेलाचा हात फिरवावा, आणि शिजलेली आंबट भाजी रात्रभर त्यात ठेवू नये.

हे सगळे केले तर ८.४ चे १२ होईल का? येथे मी वाचकांना एक साधा हिशेब करायला सांगेन, कारण 'नैसर्गिक उपायांनी महिन्याभरात रक्त वाढवा' असे सांगणारे हा हिशेब कधी देत नाहीत. ५० किलो वजनाच्या स्त्रीच्या अंगात सव्वातीन लिटर रक्त असते. तिचे हिमोग्लोबिन ८ वरून १२ वर न्यायचे, म्हणजे सुमारे १३० ग्रॅम हिमोग्लोबिन नव्याने घडवायचे, आणि एका ग्रॅमला ३.४ मिलिग्रॅम लोह लागते. गुणाकार केला की साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह येते, आणि रिकामी पेटी भरायला आणखी काहीशे मिलिग्रॅम वेगळे. आहार अगदी उत्तम सुधारला आणि रोजचा खर्च भागून एक मिलिग्रॅम शिल्लक पडू लागले, तरी नुसते हिमोग्लोबिन भरायला सव्वा वर्ष लागेल. याउलट ६० मिलिग्रॅम लोहाच्या एका गोळीतून, लोहाची कमतरता असलेल्या शरीरात, पाच-दहा मिलिग्रॅम शोषले जाऊ शकते, आणि तेच काम दोन-तीन महिन्यांत होते.

यावरून मी स्वतःपुरता काढलेला निष्कर्ष असा आहे की ११-११.५ असलेल्या, एरवी धडधाकट स्त्रीने आहाराने प्रयत्न करून पाहायला हरकत नाही. दहाच्या खाली गेलेल्या व्यक्तीने आहाराबरोबर लोहाचे औषध घ्यावेच, मग ते डॉक्टरांनी दिलेली गोळी असो किंवा पदवीधर वैद्यांनी नाडी-लक्षणे आणि रक्ताचा अहवाल दोन्ही पाहून दिलेला लोहकल्प असो. आणि गरोदर स्त्रीने, तसेच चालताना धाप लागणे, छातीत धडधडणे, पायांवर सूज अशी लक्षणे असलेल्या कोणीही, घरगुती उपायांत एक आठवडाही घालवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडानुसार गरोदर नसलेल्या स्त्रीत १२, पुरुषात १३ आणि गरोदरपणात ११ (दुसऱ्या तिमाहीत १०.५) ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. गरोदर स्त्रीत ते ७ च्या खाली जाणे हा तिच्या आणि बाळाच्या जिवाचा प्रश्न असतो. गरोदरपणात १८० दिवस रोज एक लाल गोळी सरकारी आरोग्य केंद्रातून मोफत मिळते. त्या गोळ्या डब्यात तशाच पडून राहतात, कारण त्यांनी मळमळते, बद्धकोष्ठ होते आणि शौचाला काळे होते. काळे होणे निरुपद्रवी आहे. मळमळ होत असेल तर रात्री झोपताना घेऊन पाहावी. गरोदर नसलेल्यांसाठी डॉक्टर कधी दिवसाआड गोळी सुचवतात, त्यामागे हेप्सिडिन आहे: एक मात्रा घेतल्यावर ते सुमारे दिवसभर वाढलेले राहते आणि लगेचची दुसरी मात्रा कमी शोषली जाते.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न आहे, आणि माझ्या मावशीला तीन महिने तो कोणी विचारलाच नव्हता: लोह जाते कुठे? एक मिलिलिटर रक्तात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. मासिक पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जात असेल, तर तेवढ्याने महिन्याला तीस-चाळीस मिलिग्रॅम लोह निघून जाते, आणि कोणत्याही भाकरीने ते भरून येत नाही. मूळव्याध, पोटातील व्रण, वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक, अंकुशकृमी ही आणखी काही दारे. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायांतून अंकुशकृमी शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि वर्षातून ठरलेल्या दिवशी शाळांतून जंतांची गोळी दिली जाते ती याचसाठी. पुरुषाचे किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन घसरले, तर आतड्यातून अदृश्य रक्तस्राव होत नाही ना, यात कर्करोगाचीही शक्यता धरून, तपासणी झालीच पाहिजे. त्या वयात 'अशक्तपणा आहे, खजूर खा' हा सल्ला घातक ठरू शकतो.

शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीच्या, अहवालात एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तो लाल पेशीचा आकार सांगतो. तो ८० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन घडण्यातील आनुवंशिक दोषाचा) वाहक असणे यांचा विचार होतो. १०० च्या वर असेल तर ब १२ किंवा फॉलिक ॲसिडची उणीव संभवते. ब १२ वनस्पतींत मिळत नाही, त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसाने कितीही पालेभाज्या खाल्ल्या तरी ते भरून निघत नाही. दूध-दही किंवा गरजेप्रमाणे औषध हाच उपाय. नंदुरबारमध्ये, तसेच गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, तेथे रक्ताची ती तपासणी आधी हवी. थॅलेसेमियाच्या रुग्णाला कारण नसताना लोह देत राहणे अपायकारक आहे, कारण जास्तीचे लोह शरीराबाहेर टाकण्याची वाट निसर्गाने आपल्याला दिलेली नाही. म्हणून सीबीसीसोबत फेरिटिन तपासावे. लोहकल्प असो वा गोळी, उपचार त्यानंतर.

लोहभस्मे आणि मंडूर यांविषयी जाहिराती म्हणतात की नैसर्गिक असल्याने त्यांचा अपाय नाही. चरकाने तसे कुठेही म्हटलेले नाही. शोधन-मारणाचे, म्हणजे धातू शुद्ध करून त्याचे भस्म करण्याचे, इतके सोपस्कार रसग्रंथांत सांगण्याचे कारणच हे की कच्चे धातू अपाय करतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या भागात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. शिसे तर हिमोग्लोबिन घडण्याच्या क्रियेतच अडथळा आणते, म्हणजे रक्त वाढवायला घेतलेल्या पुडीनेच रक्त कमी व्हायचे. बिनलेबलची पुडी, जत्रेतली भस्मे, समाजमाध्यमावर मागवलेली 'गुप्त' चूर्णे घेऊ नयेत. परवाना क्रमांक आणि उत्पादनाची तारीख छापलेले औषध, वैद्यांनी ठरवलेल्या मात्रेत, ठरलेल्या काळापुरतेच घ्यावे. नीट देखरेखीखाली या औषधांना सरकारी कार्यक्रमांतही जागा मिळाली आहे. २०२४ मध्ये आयुष मंत्रालयाने पाच जिल्ह्यांतील किशोरवयीन मुलींसाठी द्राक्षावलेह आणि पुनर्नवादी मंडूर देण्याचा उपक्रम जाहीर केला, त्यात महाराष्ट्रातील गडचिरोली आहे. आणि कोणतेही लोह, गोळी असो की भस्म, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. मोठ्यांच्या पाच-दहा गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

उपचार योग्य असला, तर आठ-दहा दिवसांत नव्या, कोवळ्या लाल पेशी रक्तात वाढलेल्या दिसतात आणि महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ते दोनने वर येते. महिन्यानंतरही आकडा हलला नाही, तर मात्रा वाढवण्यापेक्षा निदान पुन्हा तपासावे. आकडा १२ झाला की बहुतेक जण औषध थांबवतात; पेटी तेव्हा रिकामीच असते, म्हणून पुढे आणखी सुमारे तीन महिने ते चालू ठेवावे लागते.

मावशीच्या सोनोग्राफीत गर्भाशयातील गाठी निघाल्या. दर महिन्याला सात-आठ दिवस अंगावरून रक्त जात होते, आणि 'या वयात असेच असते' म्हणून तिने ते कोणाला सांगितले नव्हते. गाठींवर उपचार झाले, गोळ्या सुरू झाल्या, बाजरी परत आली, आणि पोह्यांनंतरचा चहा एक तास पुढे गेला. पाच आठवड्यांनी अहवालात १०.३ आले. त्या दिवशी दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. सूप अर्धे झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "अगं, आज एक दाणासुद्धा तोंडात टाकला नाही मी."